बिनतारी डिमर आणि बोर्डातील न्यूट्रल

बिनतारी डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करणारा असा स्विच, जो भिंतीतील बोर्डात बसूनही मोबाइलकडून रेडिओलहरींद्वारे हुकूम घेतो. आणि दिवा बंद असतानाही त्याला हुकमासाठी जागे राहावे लागत असल्याने त्याची स्वतःची वीज अखंड चालू असावी लागते. त्यासाठी बोर्डात फेजबरोबर न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाची परतीची तार, हवी. जुन्या वायरिंगमध्ये मात्र ती पुष्कळदा परस्पर दिव्याकडे गेलेली असते.

प्रस्तुत लेखकाच्या पोलादपूर तालुक्यातील घरासाठी एका दुकानदाराने ‘न्यूट्रलची गरजच नाही’ अशी हमी देऊन चार डिमर विकले. असा डिमर दिव्यातूनच अल्प प्रवाह ओढून स्वतःचे भागवतो. 60 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला त्याने काही होत नाही, पण 9 वॅटच्या एलईडीतील कपॅसिटरमध्ये त्याचा विद्युतप्रभार साठत जातो आणि पुरेसा साठला की दिवा क्षणभर पेटतो. बंद केलेला माजघरातील दिवा मध्यरात्री दर काही सेकंदांनी लुकलुकतो आहे आणि वृद्ध आई प्रत्येक वेळी पांघरूण डोक्यावर ओढून घेते आहे, हे पाहिले तेव्हा दोषाचे मूळ उमगले. दुकानदाराने आधी बल्बला, मग विजेच्या दाबाला आणि शेवटी घरच्या माणसांना दोष दिला. खोक्यावर किमान भार 25 वॅट असा छापलेला असूनही त्याने तो वाचलेला नव्हता, आणि खोके फोडल्याची सबब सांगून माल परत घेतला नाही. हे वर्तन अक्षम्य होय.

म्हणून खरेदीपूर्वी वायरमनकडून, मेन स्विच बंद करून, बोर्ड उघडून पाहावा. ज्या बोर्डात प्लगचे सॉकेट आहे तेथे न्यूट्रल आलेली असते, तीच जागा निवडावी. तसे शक्य नसल्यास होल्डरपाशी दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर जोडून घ्यावा, म्हणजे तो अल्प प्रवाह दिव्याला वगळून जातो. बल्ब डिमेबलच घ्यावा, पंख्याला दिव्याचा डिमर लावू नये, पक्के बिल घ्यावे. जुलै 2021 मध्ये सावित्री नदीच्या पुराने शेजारचे महाड बुडाले तेव्हा विजेबरोबर मोबाइलही बंद पडले होते. तेव्हा इंटरनेटवाचून हातानेही चालणाराच डिमर या भागात घ्यावा. जांभ्याच्या जाड भिंती पावसात ओल धरतात आणि अशा भिंतीत 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अधिकच क्षीण होतात, हेही आधी तपासावे. लेखकाच्या घरी बायपास जोडल्यावर दोन डिमर सुरळीत झाले. मागील खोल्यांतील दोहोंपर्यंत लहरी पोहोचतच नाहीत आणि त्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच.