मनीच्या डोळ्यांतले दिवे

धाराशिवकडच्या माळवदाच्या घरात आतल्या खोलीत दिवसाही अंधुकच असते. तेथे जुन्या डिजिटल कॅमेऱ्याने मनीचा फोटो काढून पाहा. फ्लॅश उडतो आणि डोळ्यांच्या जागी दोन हिरवट दिवे दिसतात! मांजराच्या दृष्टिपटलामागे चकाकणारा थर असतो. तो प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतो. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाजवळच असल्याने हा प्रकाश नेमका भिंगात शिरतो. अंधारात बाहुली विस्फारलेली असते, म्हणून चमक अधिकच.

आता फ्लॅश बंद करा व मनीला ओसरीवरच्या उजेडात आणा (येईल तर!). बटण आधी अर्धेच दाबून धरा, म्हणजे कॅमेरा भिंग जुळवून ठेवील. जुन्या कॅमेऱ्याला त्यालाच वेळ लागतो आणि तेवढ्यात मनी पसार होते. तिने मान वळवताच बटण पूर्ण दाबा.