लाल दिवा लागण्याआधी

अगं, काल तुझा फोन आला तेव्हा मी पिठलं टाकत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. "ताई, सोमवारपासून चालू विषयांचा कार्यक्रम माझ्याकडे दिलाय," एवढंच म्हणालीस आणि तुझा आवाज जरासा कापला. तो रात्रभर माझ्या कानात राहिला. नऊ वर्षं मी त्याच खुर्चीत बसले, त्यामुळे ते कापणं मला ओळखीचं आहे. आज दुपारी घर रिकामं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. फोनवर हे बोलता आलं नसतं.

पहिल्यांदा एक कर. टीव्हीवरच्या चर्चा डोळ्यांपुढून काढून टाक. तिथे चौघं एकमेकांवर ओरडतात आणि कार्यक्रम संपला की आपापल्या गाडीत बसून निघून जातात. आपल्याला निघून जायला जागा नाही. आपलं सामुदायिक रेडिओ केंद्र, ट्रान्समीटर शंभर वॅटचा, आवाज पोचतो दहा-बारा किलोमीटर. त्या वर्तुळात तुला ऐकणारी बाई गुरुवारच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करत तुझ्या शेजारी उभी असते. आणि ती जिच्याबद्दल बोलली, तीही दोन पावलांवर मिरच्या घेत असते. आपला कार्यक्रम अशा जागेत चालतो. म्हणून माझं तुला सांगणं एवढंच आहे की, जो माणूस तुझ्या भरवशावर बोलला, तो दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतून मान वर करून चालला पाहिजे. बाकी सगळं त्याच्यानंतर.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका बाईला त्याची किंमत मोजावी लागली, तेव्हा मला कळलं.

तिसरं वर्ष होतं माझं. विषय होता रेशनचा. एका बाईंचा फोन आला. पिवळं कार्ड, म्हणजे अंत्योदय, महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळायला हवं. "पस्तीस लिहितात आणि तीस घालतात," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, राग होता, पण शब्द मोजून मापून वापरत होत्या. मी हुरळले. इतकं नेमकं कुणी बोलत नाही. आणि नेहमीच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "कुठून बोलताय ताई तुम्ही?" त्यांनी गावाचं नाव सांगितलं. पुढे स्वतःहूनच म्हणाल्या, "मारुतीच्या देवळामागं." मी थांबवलं नाही. उलट "वा, वा, बोला" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार त्यांच्या दारात उभा. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. नुसतं म्हणाला, "वहिनी, आपल्यात काही असेल तर घरी यायचं ना, रेडिओवर कशाला?" गावात एवढं पुरतं. सासऱ्यांनी त्यांच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, कपबशी पुसून दिली, "काही झालं नाही ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," म्हणाल्या. फडताळावर त्यांचा रेडिओ होता. त्याच्यावर एक धुतलेलं, चौघडी केलेलं फडकं नीट झाकून ठेवलं होतं, जसं आपण बरेच दिवस न लागणाऱ्या वस्तूवर ठेवतो तसं. तो चहा मला गिळवला नाही. त्यांचा फोन पुन्हा कधी आला नाही.

त्या दिवसापासून मी वही सुरू केली. फोन हवेवर घेण्याआधी बोलायचं, नाव-गाव वहीत लिहायचं, आणि बाईंना सांगायचं, "आता माझ्यासमोर लाल दिवा लागेल. त्यानंतर गावाचं नाव घेऊ नका, दुकानदाराचं घेऊ नका, देवळाचं घेऊ नका. फक्त काय होतं ते सांगा." तरीही बोलण्याच्या भरात कुणी नाव घेऊ लागलं तर मध्येच बोल. शिष्टाचार सोडून बोल. बोलणं तोडल्याचा राग माणूस विसरतो.

पण नावं झाकली म्हणून तक्रार झाकायची नाही. त्या आठवड्यानंतर मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुला वाट कळेल. तहसील कचेरीतल्या पुरवठा निरीक्षकांना बोलावलं. कुठल्या दुकानाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं एवढंच, की कुठल्या कार्डाला किती धान्य, अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती येते ती मागायचा हक्क आहे का, काटा आपल्यासमोर दाखवायला सांगता येतं का, तक्रार कुणाकडे द्यायची. ते सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पुढच्या महिन्यात बायका पावती मागू लागल्या. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झालं, तेव्हा तो भाग मी पुन्हा केला, कारण फुकट म्हटलं की माणूस वजन बघायला लाजतो.

आता नियमांचं. केंद्राचे प्रमुख तुला पहिल्याच दिवशी सांगतील की आपल्याला बातम्या द्यायची परवानगी नाही, राजकीय कार्यक्रम करायची नाही. आकाशवाणीचीच बातमी लावता येते, तेवढंच. ते खरं आहे, आणि ते पाळ. मला स्वतःला हा नियम कधी पटला नाही. वर्तमानपत्राला चालतं, टीव्हीला चालतं, मग दहा-बारा किलोमीटरच्या रेडिओलाच का नाही? हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे २००६ च्या धोरणात आपल्यासारख्या संस्थांना परवाने मिळण्याची वाट खुली झाली, आणि २००८ साली म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली तेव्हा आमच्यासारख्या बायकांना वाटलं की हे आपल्यालाही जमेल. म्हणजे दार उघडलं, पण अर्धंच. ते पूर्ण उघडावं म्हणून बोलणारी माणसं आहेत, त्यांच्या बाजूने मी आहे. पण तोवर आपल्या केंद्राचा परवाना जपणं तुझ्या हातात आहे. तो गेला तर दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला बोलायला दुसरी जागा नाही.

आणि खरं सांगू? पक्षाचं नाव न घेता जेवढं बोलता येतं, तेवढंसुद्धा आपण बोलून संपवलेलं नाही. टँकर किती दिवसांनी येतो, शाळेचं छत का गळतं, अंगणवाडीत अंडं का बंद झालं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे आपल्या कायद्यात आहे. किती जणींना माहीत आहे? एकदा विचारून बघ. गावातल्या पंचवीस टक्के बाया-मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं आणि निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, मत दिलं तर दुकान बंद होतं, हे एका भागात सांगितलं तेव्हा चार दिवस फोन थांबत नव्हते.

तुला सगळ्यात जास्त भीती तापलेल्या विषयांची आहे ना? मलाही होती. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, आणि आरक्षणावरून आपल्या तालुक्यातली गावंच्या गावं आतून दुभंगली. शेजारी शेजाऱ्याच्या लग्नाला जाईना. लोक मला म्हणायचे, "ताई, घ्या की हा विषय." हवं की नको असं विचारलं असतं तर त्या अर्ध्या तासात दोन जाती माझ्या स्टुडिओत भांडल्या असत्या आणि भांडण घेऊन घरी गेल्या असत्या. मी प्रश्न बदलला. विचारलं, "तुमच्या मुलाला बारावीपर्यंत शिकवायला काय काय विकावं लागलं?" दोन्हीकडचे फोन आले. एकाने म्हैस विकली होती, एकाने अर्धा एकर, एका बाईने मंगळसूत्रातले मणी. कोण कुठल्या जातीचं, मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "मी फोन केला होता भांडायला, पण आता राहू द्या." मत विचारलं की माणूस गटातून बोलतो, आणि काय घडलं ते विचारलं की स्वतःच्या घरातून बोलतो. हे एक सूत्र माझ्याकडून घे. मला ते सापडायला सहा वर्षं लागली.

शांततेला घाबरू नकोस. आपल्याला शिकवतात की हवेवर तीन सेकंद गप्प राहिलं तर ऐकणारा केंद्र बदलतो. असेल शहरात तसं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मी त्यावर कार्यक्रम घेतला. एक गुरुजी रूढीचा इतिहास सांगून गेले, एक तरुण मुलगी छान तावातावाने बोलली, एका काकांनी "आपली संस्कृती" वगैरे सुरू केलं. मग एका म्हाताऱ्या आजींचा फोन. "मला बोलायचंय," म्हणाल्या आणि गप्पच झाल्या. काचेपलीकडून आपल्या तंत्रज्ञाने गळ्यावरून हात फिरवला, म्हणजे तोड. मी तळहात वर केला, थांब. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. कितीतरी वेळ गेला. मग आजी म्हणाल्या, "कुंकवाचं राहू द्या. माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मनगटात काच शिरली होती. कुणी बघितली नाही. मीच रात्री सुईनं काढली." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी काही बोलले नाही. भक्तिगीत लावलं. संस्कृतीवाले काका पुन्हा फोन करणार होते, त्यांनी केला नाही. त्या दिवशी मी मध्येच "बोला आजी, बोला" म्हटलं असतं, तर त्या "काही नाही" म्हणून गेल्या असत्या, मला खात्री आहे.

मात्र एका बाबतीत एक सेकंदही थांबू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कुणी वाचून दाखवायला लागलं की लगेच आवाज खाली. एकदा एक पोरगा हवेवर यायला बघत होता, "मुलं पळवणारी टोळी आलीय, सगळ्यांना सावध करा." चांगल्या मनानेच सांगत होता. मला राईनपाडा आठवला. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं गाव, १ जुलै २०१८. अशाच अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भटक्या समाजातली माणसं ती, बहुतेक आपल्या सोलापूरकडची. मी त्या पोराला हवेवर घेतलं नाही, पोलीस ठाण्यात फोन लावला, आणि ठाण्यातून "असं काही नाही" असं अधिकृत कळल्यावर तेवढंच सांगितलं. अफवा काय होती ते उच्चारलंही नाही. खोडून काढण्यासाठी का होईना, आपण उच्चारली की अर्ध्या लोकांना तेवढीच ऐकू जाते.

फोन तुलाही येतील. कार्यक्रम संपल्यावर, रात्री नऊनंतर, "ताई, जरा जपून" असं गोड आवाजात सांगणारे. त्यांच्याशी भांडू नकोस, घाबरूही नकोस. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने ठेवावं लागतं, हा नियमच आहे, आणि तो तुझं रक्षण करतो. एका पदाधिकाऱ्याने माझ्यावर आळ घेतला की मी त्यांचं नाव घेऊन बोलले. मी त्यांना केंद्रात बोलावलं, चहा दिला, पूर्ण रेकॉर्डिंग ऐकवलं. नाव कुठेच नव्हतं. ते काही न बोलता उठले. तेव्हा रेकॉर्डिंग रोजच्या रोज, तारीख घालून, स्वतः तपासून ठेव. दुसऱ्यावर सोडू नकोस. आणि असा फोन आला की घरी जावईबापूंना सांग, मनात ठेवू नकोस. मी ठेवलं, आणि माझी झोप दोन वर्षं गेली.

आपले बाबा मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' ऐकायचे, तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. साखरेचा भाव, रांगा, पाणीटंचाई, सगळे चालू विषयच ते. पण घरातल्या तिघांनी जेवणं झाल्यावर बोलावं तसे बोलायचे. बाबा हातातलं काम थांबवून ऐकायचे आणि संपल्यावर आईशी त्याच विषयावर बोलायला लागायचे. ते मी लहानपणी पाहिलं. आपला कार्यक्रम संपल्यावर एखाद्या घरात नवरा-बायको असे बोलायला लागले, तर तुझं काम झालं असं समज. किती फोन आले ते मोजत बसू नकोस.

सोमवारी अकराला मी रेडिओ लावून बसेन. मध्येच फोन करणार नाही. माझा आवाज ऐकलास तर तू मला विचारून बोलायला लागशील. कार्यक्रम तुझा आहे.

आणि ती वही. निळ्या पुठ्ठ्याची, स्टुडिओच्या कपाटात खालच्या फळीवर, जुन्या केबलींच्या मागे आहे. ती सुरू केल्यापासून माझ्याशी बोललेल्या सगळ्यांची नावं आणि गावं तिच्यात आहेत, आणि त्याआधीच्या त्या रेशनच्या बाईंचंही. कपाटाची किल्ली या पत्रासोबत पाठवते आहे. ती स्वतःजवळ ठेव. वही कुणीही मागितली, मोठ्या माणसाने मागितली, अगदी ओळखीच्याने मागितली, तरी देऊ नकोस.