माती मन बरं करते, मग मातीतला माणूस का खचतो?

प्रश्न : माझी भाची पुण्याला नोकरी करते. मागच्या वर्षी तिला एकाएकी छातीत धडधडायचं, लिफ्टमध्ये जीव गुदमरायचा. ती एका थेरपिस्टबाईंकडे जाते. त्या बाई तिला टेकडीवर नेतात, अनवाणी उभं करतात, झाडाला पाठ टेकवून बसवतात आणि 'आता शरीरात कुठे काय जाणवतं?' असं विचारतात. तिला फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण एक गोष्ट कळत नाही. आमची तं सारी जिनगानी मातीतच गेली, उघड्या पायानं आणि उघड्या आभाळाखाली. माती आणि झाडं मन बरं करत असतील, तर आमच्या वऱ्हाडातला शेतकरी इतका खचतो कसा? आमच्या घरधन्यांना दोन हंगामांपासून झोप नाही. अंग दुखतं म्हणतात, कोणाशी बोलत नाहीत. त्यांना अशा उपचारानं बरं वाटेल का? आणि तो आमच्याकडे मिळतो का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : ताई, हा प्रश्न या उपचारपद्धतीवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. त्याचं उत्तर सावकाश देतो, कारण तुमच्या घरची काळजी त्यात गुंतलेली आहे.

झाडापानांचा मनावर परिणाम होतो, याला चांगला आधार आहे. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी जोरकस लागली. २०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन यांनी काही निरोगी शहरवासीयांना ९० मिनिटं चालायला पाठवलं, काहींना हिरवळीतून आणि काहींना रहदारीच्या रस्त्याने. हिरवळीतून आलेल्यांच्या डोक्यातलं तेच ते विचारांचं दळण कमी झालं होतं. जपानमध्ये तर १९८२ पासून सरकारचं वनखातंच लोकांना जंगलात सावकाश फिरायला सांगतं.

पण यातली माणसं पाहा. ती झाडांकडे पाहुणी म्हणून गेली. पाऊस आला काय आणि न आला काय, त्यांच्या पोटापाण्याशी त्याचा संबंध नव्हता. तुमचे घरधनी त्याच मातीत कर्जदार म्हणून उभे असतात. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खोदली तरी खारं पाणी लागतं, म्हणून सगळी भिस्त आभाळावर. ढग पाहून शहरातल्या माणसाला कविता सुचते. तुमच्याकडे तोच ढग पाहताना माणूस दुबार पेरणीचा हिशेब करतो. कपाशीचं हिरवं पान उलटून बघताना तो बोंडअळी शोधत असतो. शेताच्या कडेला उभा राहिलेला रोही पुण्याच्या पर्यटकाला फोटो काढण्याजोगा वाटेल, पण तुमच्या घरी त्याच रोह्यापायी आणि रानडुकरांपायी रात्र रात्र जागल करावी लागते. कित्येक महिने रात्रीची झोप तुटत राहिली, तर धडधाकट माणसाचंही मन डळमळतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांना वेगळं पॅकेज जाहीर करावं लागलं, ते इथे झाडं कमी होती म्हणून नव्हे.

तुमच्या भाचीला बरं करणारी गोष्ट टेकडी एकटी नव्हती. तिथे ती सुरक्षित होती. कोणीतरी तिच्याकडे पूर्ण लक्ष देत होतं आणि त्या तासाभरात तिच्याकडून कशाचीच अपेक्षा नव्हती. झाड, माती आणि वारा यांनी या तिन्हींना हातभार लावला.

आता त्या बाई नेमकं काय करतात, ते सांगतो. धोका दिसला की शरीर आधी उठतं, विचार मागून येतो. हृदय जोरात चालतं, श्वास वरवर होतो, खांदे आणि जबडा आवळतात, पोट ढवळतं. धोका टळला की हे सगळं पूर्ववत व्हायला हवं. पण धोका महिनोन् महिने टळलाच नाही, किंवा एकदाच फार मोठा धक्का बसला, तर शरीर सावधच राहतं. त्याला 'शांत हो' असं समजावून चालत नाही. म्हणून शरीरातून काम करणारा थेरपिस्ट घटनेच्या आधी शरीराची चौकशी करतो. हे सांगताना छाती आवळते का? पाय जमिनीला टेकलेत, ते जाणवतं का? आजूबाजूला पाहा, कोणकोणते आवाज येतात? श्वास सोडताना थोडा लांबवा. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, ही शरीराची साधी रचना आहे आणि कोणालाही मनगटावर बोट ठेवून ती तपासता येते. मग थेरपिस्ट दुखऱ्या आठवणीपाशी थोडंसं नेतो आणि लगेच पायांखालच्या जमिनीकडे, समोरच्या झाडाकडे परत आणतो. पुन्हा थोडं तिकडे, पुन्हा परत. आठवण आली तरी आपण बुडत नाही, हे शरीराला हळूहळू पटतं. चांगल्या थेरपिस्टची ओळख मला इथे पटते: तो रडवायची घाई करत नाही.

या पद्धतीचा पाया विल्हेल्म राइख यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला. पुढे युजीन जेंडलिन आणि पीटर लेव्हिन यांनी तिला आजचं रूप दिलं. लेव्हिन यांचं म्हणणं असं की शिकाऱ्याच्या तावडीतून सुटलेला प्राणी अंग थरथरवून भीती झटकून टाकतो आणि माणूस ती आत दाबून ठेवतो. कल्पना मनाला भिडते, पण ती सिद्ध झालेली आहे असं म्हणवत नाही. त्यांच्या पद्धतीची इस्रायलमध्ये ६३ जणांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले आणि ते आशादायक होते. एवढ्यावर मोठे दावे करू नयेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांमागे याहून कितीतरी जास्त पुरावा आहे. 'आघात शरीरात साठतो आणि आम्ही तो तीन बैठकींत काढून देतो' असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून या.

घरधन्यांच्या अंगदुखीकडे मात्र गंभीरपणे बघा. आपल्याकडे 'मी उदास आहे' असं कोणी म्हणत नाही. जीव घाबरते, डोकं जड पडते, हातापायांत जीव नाही, असंच सांगतात. हे वऱ्हाडापुरतं नाही. १९९९ मध्ये १४ देशांतल्या दवाखान्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ६९ टक्के लोक डॉक्टरांकडे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. आपल्याकडे अशा माणसाला ताकदीचं सलाईन लावतात, दोन दिवस बरं वाटतं आणि खरा आजार तसाच राहतो. झोप उडणं, अंग दुखणं आणि बोलणं बंद होणं हे तिन्ही एकत्र आलं असेल, तर त्याची तपासणी व्हायलाच हवी.

तुमच्या जिल्ह्यात अशा माणसांपर्यंत मदत नेण्याचा उत्तम अनुभव गाठीशी आहे, आणि तो पुण्यातल्या टेकडीपेक्षा तुमच्या अधिक कामाचा आहे असं मला वाटतं. 'संगथ' या संस्थेने विदर्भात 'विश्राम' नावाचा उपक्रम चालवला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली, समुपदेशन केलं आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत नेलं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत पाहणी केली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते. १८ महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झालं. लोकांना मदत नको होती असं नव्हतं. ती त्यांच्या ओट्यापर्यंत पोचली नव्हती.

याच संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर आणखी एक प्रयोग केला. त्यात बोलण्याबरोबर कृतीवर भर होता. मन होईल तेव्हा उठू, असं न म्हणता आधी उठायचं, ठरलेलं एक छोटं काम करायचं, एका माणसाला भेटायचं, आणि मनाला मागून येऊ द्यायचं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, बैठका सहा ते आठ होत्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, एरवीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के. शरीराकडून मनाकडे जाणारी वाट अशी साधीही असू शकते, आणि तिच्यामागे भक्कम पुरावा आहे.

अमरावतीचं तपोवन तर तुम्हाला ठाऊक असेलच. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये ते सुरू केलं. ज्यांना लोक शिवतही नव्हते, त्या कुष्ठरुग्णांच्या हाताला त्यांनी शेती आणि उद्योग दिले. मानसोपचार हा शब्द तिथे कोणी वापरला नसेल, पण टाकलेल्या शरीराला काम, सोबत आणि मान मिळाला की माणूस उभा राहतो, हे वऱ्हाडाने तिथे पाहिलं आहे. माती तपोवनातही होती आणि तुमच्या शेतातही आहे. मातीत एकटं टाकलेला माणूस आणि मातीत सोबतीने उभा असलेला माणूस यांच्यात मात्र फार अंतर पडतं. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं एकदम स्तब्ध उभी राहतात. तो उपचार नव्हे, श्रद्धांजली आहे. पण तिथे उभं राहून आलेल्यांना विचारा, इतक्या लोकांबरोबर गप्प राहिल्यावर अंगाला काय वाटतं.

एक सावधगिरीची गोष्ट. शरीरावर केलेला प्रत्येक जुना उपाय चांगलाच असतो, असं मुळीच नाही. मेळघाटात आजारी लेकरांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. त्यात कोवळी पोरं जायबंदी झाली आहेत. तेव्हा उपचार जुना असो की परदेशातून आलेला, निकष एकच: न विचारता अंगाला हात लावायचा नाही, दुखवायचं नाही, भुलवायचं नाही. थेरपिस्टकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रीतसर नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते.

आता घरधन्यांसाठी. पुण्यासारखी थेरपी शोधत बसू नका. आधी अमरावतीला इर्विनमध्ये किंवा अकोल्याला सर्वोपचारमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. औषध लागलं तर ते घेऊ द्या, त्यात कमीपणा नाही. रोज सूर्य वर येण्याआधी, वावराकडे न जाता दुसऱ्याच वाटेने, त्यांच्यासोबत अर्धा तास चाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर हे जमणारच नाही. त्या वेळात पीक, भाव आणि बँक हे विषय काढू नका. गप्प चालले तरी चालेल. जागलीच्या पाळ्या शेजाऱ्यांशी वाटून घ्या, म्हणजे आठवड्यातल्या काही रात्री तरी पूर्ण झोप मिळेल. फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात ठेवू नका. ते कुलूपबंद ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. मरणाचे विचार येतात का, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मनावरचं ओझं थोडं उतरतं. उत्तर 'हो' असेल, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

यातल्या कशानेही कर्ज फिटणार नाही आणि कापसाला भाव मिळणार नाही. तो सरकारचा आणि बाजाराचा प्रश्न आहे, त्यासाठी वेगळं भांडावं लागेल, आणि भांडायला माणूस झोपलेला, जेवलेला आणि शाबूत हवा.

केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि मराठीतून बोलता येतं. घरधनी तयार नसतील, तर आधी तुम्ही स्वतः फोन करा. दोन हंगाम तुम्हीही त्यांच्याबरोबर जागताय.