मिश्र वास्तव : वेल्डिंग शिकण्याचे नवे साधन

नवा शागीर्द कामावर आला की पहिले काही महिने त्याच्या हातून रॉड आणि पत्रा वाया जातो, हे कारागीर बंधूंना सांगावयास नको. हा खर्च कमी करू शकणाऱ्या एका साधनाची ओळख या पाठात आम्ही करून देत आहोत.

त्याचे नाव मिश्र वास्तव, म्हणजेच मिक्स्ड रिअॅलिटी. डोळ्यांपुढील पडद्यावर समोरची खरी वस्तू आणि संगणकाने काढलेले चित्र एकत्र दिसते. या विद्येचा एक जुना धागा कारखान्यातच आहे. १९९२ साली अमेरिकेतील बोईंग विमान कंपनीचे टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी, तारा जोडणाऱ्या कामगाराला कोणती तार कोठून न्यावी हे डोळ्यांसमोरच दिसावे, अशी योजना मांडली होती.

आता वेल्डिंगचे पाहू. स्पेनमधील सीबेरी कंपनीच्या सोल्डामॅटिक या यंत्रात शिकणाऱ्याच्या हाती टॉर्च आणि पुढ्यात जोडावयाचा तुकडा असतो. ठिणग्या व वितळलेला धातू मात्र मुखवट्यातील पडद्यावरच दिसतात. हाताचा कोन, तुकड्यापासूनचे अंतर आणि हात सरकविण्याचा वेग यंत्र मोजते व चूक तेथल्या तेथे दाखविते. धूर नाही, डोळे भाजणे नाही. एकच सांधा शंभर वेळा घातला तरी भंगार शून्य.

परंतु यंत्राचे गुण म्हणजे हुन्नर नव्हे. खरी आच, उडणारा तप्त थेंब, तापून वाकडा होणारा पत्रा, गंजलेली कड यांची सवय खऱ्या कामातच होते. म्हणून हात यंत्रावर वळवावा आणि परीक्षा लोखंडावर घ्यावी. सांधा वाकवून पाहावा. तडा गेला तर गुणपत्रिका व्यर्थ.

मुलाची फी भरण्यापूर्वी वर्गचालकास तीन प्रश्न विचारा. खऱ्या वेल्डिंगचे तास किती? आपल्या कारखान्यात चालते तेच, म्हणजे रॉडचे, मिगचे की टिगचे काम शिकविणार? शेवटी सांधा तोडून तपासणार काय?

काही कारखानदारांनी मिळून यंत्र घ्यावयाचे ठरविल्यास सुटे भाग व दुरुस्ती किती वर्षे मिळेल, हे लेखी घ्यावे. मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीने २०१६ साली होलोलेन्स हा असाच चष्मा बाजारात आणला; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे उत्पादन २०२४ साली बंद झाले. यंत्र जुने होईल. उस्तादाने पारखलेला हात शागीर्दाला जन्मभर रोजी देईल.