दुकानाच्या प्रोग्रामची गाठ कशी बांधावी?

कापडाच्या धंद्यात नुसता माल चांगला असून भागत नाही. ताका मोजावा लागतो, घडी घालावी लागते, नंबर, मीटर आणि दर यांची चिठ्ठी लावावी लागते आणि मगच गाठ बांधून ट्रान्सपोर्टला द्यावी लागते. चिठ्ठीवाचून आलेली गाठ परगावच्या व्यापाऱ्याने सोडली तर त्याने काय समजावे? संगणकाच्या प्रोग्रामचेही तसेच आहे.

आज आपल्या अनेक दुकानांत आणि कारखान्यांत घरचाच मुलगा, पुतण्या किंवा भाचा पायथन शिकून बीजकाचा, मजुरीचा वा उधारीचा छोटा प्रोग्राम करून देतो. ही समाधानाची बाब आहे. पण तो प्रोग्राम बहुधा एका लांबलचक फाइलमध्ये आणि एकाच संगणकात असतो. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला किंवा संगणक बिघडला की ऐन सीझनमध्ये दुकानदार पुन्हा कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. प्रोग्राम लिहिणे ही अर्धी मेहनत झाली. तो दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल असा बांधणे ही उरलेली अर्धी. ती कशी करावी ते या लेखात पाहू.

कामाची वाटणी

पायथन ही भाषा नेदरलँड्सच्या गिडो व्हान रोसम यांनी तयार केली आणि १९९१ साली ती लोकांसमोर आली. तिच्यात एका फाइलला मॉड्यूल म्हणतात आणि अशा फाइलींच्या फोल्डरला पॅकेज म्हणतात. पहिला नियम असा की एका फाइलकडे एकच काम द्यावे. बीजकाच्या प्रोग्रामचे तीन भाग सहज पडतात. पहिल्या फाइलमध्ये कराचे दर, दुसरीत बीजकाचे गणित आणि तिसरीत माणसाशी बोलणे, म्हणजे रक्कम विचारणे व उत्तर दाखवणे.

याचा फायदा काय? ताजे उदाहरण घ्या. तयार कपड्यांवर पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरील नगाला १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. म्हणजे १,८०० रुपयांच्या शर्टावर २१६ रुपये कर होता तो ९० रुपये झाला आणि २,६०० रुपयांच्या नगावर ३१२ होता तो ४६८ झाला. ज्याच्या प्रोग्राममध्ये दर दहा जागी लिहिले होते त्याला दहा जागा शोधाव्या लागल्या. एखादी राहून गेली तर बीजक चुकले आणि फरक खिशातून गेला. दर एकाच फाइलमध्ये असले तर एकच जागा बदलायची. शिवाय दरासोबत तारीख लिहावी, म्हणजे जुने बीजक पुन्हा काढायचे झाल्यास जुनाच दर लागेल.

पैशाच्या हिशेबासाठी पायथनमधील डेसिमल हे साधन वापरावे. साध्या अपूर्णांकात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी बारीकसा कण उरतो. दिवसभराच्या बीजकांत असा कण पैशाचा फरक पाडू शकतो.

फोल्डरची मांडणी

आता मांडणी. प्रोजेक्टचे एक मोठे फोल्डर करावे. त्यात चार गोष्टी असाव्यात.

१. एसआरसी नावाचे फोल्डर. त्याच्या आत पॅकेजचे फोल्डर आणि त्यात वरच्या तीन फाइली. पॅकेजचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत ठेवावे. नावाची सुरुवात आकड्याने करू नये आणि मध्ये डॅश घालू नये, अंडरस्कोर चालतो. याच फोल्डरात इनिट नावाची फाइल ठेवावी, जिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात. ती रिकामी असली तरी हरकत नाही. हे फोल्डर पॅकेज आहे, अशी ती खूण आहे.

२. टेस्ट्स नावाचे फोल्डर. यात तपासणीची गणिते ठेवावीत. १,८०० च्या नगाचा कर ९० येतो का? नेमक्या २,५०० ला ५ टक्केच लागतात का? दर बदलला की आधी ही तपासणी चालवावी, मग दुकान उघडावे.

३. रीडमी फाइल. प्रोग्राम काय करतो आणि कसा चालवायचा, हे साध्या भाषेत पाच-सात ओळींत लिहावे. मराठीत लिहिले तरी चालते.

४. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही फाइल. हीच गाठीवरची चिठ्ठी. तिच्यात प्रोजेक्टचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, पायथनची किमान आवृत्ती आणि बाहेरून लागणाऱ्या पॅकेजांची यादी असते. गाठ कोणत्या साधनाने बांधायची तेही इथेच लिहितात. सेटअपटूल्स हे त्यासाठी चांगले रुळलेले साधन आहे. याच फाइलमध्ये स्क्रिप्ट्स या सदराखाली प्रोग्रामला एक छोटे नाव देता येते. मग काउंटरवरचा माणूस ते नाव टाइप करतो आणि प्रोग्राम सुरू होतो. आतल्या फाइलींशी त्याला देणेघेणे राहत नाही.

ग्राहकांची नावे, उधारीची वही आणि पासवर्ड मात्र या फोल्डरात कधीही ठेवू नयेत. ती दुसऱ्याची अमानत आहे. तिची जागा वेगळी आणि तिची नक्कलही वेगळी.

गाठ बांधणे

बांधणीपूर्वी व्हेन्व्ह या सोयीने प्रोजेक्टसाठी वेगळे वातावरण तयार करावे, म्हणजे एका प्रोजेक्टची पॅकेजे दुसऱ्यात मिसळत नाहीत. मग पिप या साधनाने बिल्ड नावाचे पॅकेज बसवावे आणि प्रोजेक्टच्या फोल्डरात उभे राहून पायथन डॅश एम बिल्ड ही आज्ञा द्यावी. डिस्ट नावाच्या फोल्डरात दोन फाइली तयार होतात. एक मूळ प्रोग्रामची, दुसरी व्हील. व्हील म्हणजे बसवण्यास तयार असलेली झिप फाइलच असते. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेले व्हील विंडोज असो वा लिनक्स, दोन्हीकडे बसते.

ही व्हील फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर पिप इन्स्टॉल आणि त्यापुढे फाइलचे नाव, एवढे लिहिले की काम झाले. तिथे पायथन आधी असले पाहिजे. बाहेरचे कोणतेही पॅकेज लागत नसेल तर इंटरनेटचीही गरज नाही.

प्रत्येक बदलानंतर आवृत्तीचा क्रमांक वाढवावा. १.०.० मध्ये किरकोळ दुरुस्ती केली तर १.०.१, नवी सोय घातली तर १.१.०. दोन दुकानांत दोन वेगळे हिशेब निघाले तर भांडण करण्याआधी दोन्हीकडचे क्रमांक पाहावेत. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

पायपीआय हे पायथन पॅकेजांचे सार्वजनिक गोदाम आहे. तिथे टाकलेला माल जगातील कोणीही उचलू शकतो. दुकानाचा खासगी प्रोग्राम तिथे टाकण्याचे कारण नाही.

खरी कसोटी

गाठ नीट बांधली की नाही हे बांधणाऱ्याने ठरवू नये. ज्याने प्रोग्राम लिहिलेला नाही अशा माणसाला ती व्हील फाइल आणि रीडमी द्यावी, दुसऱ्या संगणकावर बसवायला सांगावे आणि आपण गप्प राहावे. त्याला न विचारता बीजक काढता आले तर प्रोग्राम दुकानाचा झाला. विचारावे लागले तर तो अजून लिहिणाऱ्याच्याच डोक्यात आहे असे समजावे, आणि जिथे तो अडला ती ओळ त्याच दिवशी रीडमीत लिहून टाकावी.