लय आणि अवधान

वाद्याचा रियाज हा केवळ हाताचा व्यायाम नव्हे. ते अवधानाचे शिक्षण आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी जेथे गायनशाळा सुरू केली, त्या वडोदऱ्यात हे मी सांगणे धाडसाचेच. उतारवयात तबला शिकू लागलेल्या एका डॉक्टरचा अनुभव म्हणून ते वाचावे.

त्रितालाच्या सोळा मात्रा चार विभागांत वाटलेल्या असतात. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. मनाला परत आणण्याच्या या चार जागा होत. मन भरकटले तरी हात थांबत नाही. सवयीने तो बोल वाजवीतच राहतो आणि लय नकळत चढते. बोल बरोबर असल्याने दोष लक्षात येत नाही.

निदानाची एक सोपी रीत आहे. मेट्रोनोमवर मिनिटाला साठ मात्रांची लय ऐकून तो बंद करावा. समेवर घड्याळ सुरू करून डोळे मिटून ठेक्याची दहा आवर्तने वाजवावीत. अकरावी सम १६० सेकंदांनी यावयास हवी. दवाखान्यातून परतल्याबरोबर मी ही परीक्षा घेतली, तेव्हा ती १५० सेकंदांतच आली. म्हणजे सरासरी लय चौसष्टवर गेली होती. सहाव्या आवर्तनानंतरचे काही मला आठवतही नव्हते. मनात एका रुग्णाचा अहवाल घोळत होता.

उपाय तीन. प्रथम हातावर टाळी-खाली दाखवीत पढंत करावी. नंतर मेट्रोनोम दोन आवर्तने चालू व दोन बंद ठेवून वाजवावे. प्रत्येक खालीला श्वास कोंडलेला नाही ना, खांदे ताठलेले नाहीत ना, हे पाहावे. चूक झाल्यास मागे वळू नये, चडफडू नये; शांतपणे पुढची सम गाठावी.

सतराव्या शतकाच्या आरंभी सांतोरिओ या इटालियन वैद्याने लंबकाची दोरी कमी-अधिक करून रुग्णाची नाडी मोजली. लंबकाने नाडीशी जुळवून घ्यावयाचे, ही त्यातली रीत. रुग्णाचे बोलणे मी अर्ध्यावरच तोडतो, हे मला तबल्यासमोर बसल्यावर उमगले. तेथेही लय माझीच चढलेली असे. आता पुढच्या रुग्णाला आत बोलावण्यापूर्वी मी एक आवर्तन मनात मोजतो. सोळाच सेकंद लागतात; पण समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकू येते.