डाख द्यायचा तर असा

उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या सावद्याला कोणी घराबाहेर निघत नाही. अशाच एका दुपारी मी शेजारच्या आजींच्या ओसरीवर जाऊन बसलो. आजींना कमी ऐकू येते. मोबाइलवर कीर्तन ऐकायचे तर त्या हेडफोन लावतात. त्याची तार तुटली होती. नातू एरवी केळी कापायला जातो. त्या दिवशी तो घरी होता. खाली मांडी घालून तो तार जोडत होता.

जवळच वर्षाची पुतणी रांगत होती. फरशीवर वितळून पडलेल्या डाखाचे चकचकीत मणी होते. पोरीने एक मणी उचलला आणि तोंडाकडे नेला. मी झटकन तिची मूठ धरली आणि मणी काढून घेतला.

नातू म्हणाला, "गुरुजी, गार झालाय तो. भाजत नाही त्यानं."

"भाजत नाही रे बाबा, पण त्यात शिसे आहे!"

त्याला हे ठाऊक नव्हते. पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून हा पाठ.

दोन धातूंचे तुकडे तिसऱ्या, लवकर वितळणाऱ्या धातूने जोडणे म्हणजे डाख देणे. हे काम आपल्याला नवे नाही. तांबट, कासार ते पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. कल्हई तर सर्वांनी पाहिली आहे. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथिलाची कांडी फिरवतो आणि कापसाने पुसतो. भांडे चांदीसारखे दिसू लागते. कथील २३२ अंशांवर वितळते. तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणून भांडे शाबूत राहते आणि कथील मात्र पसरते.

तारेच्या डाखात कथिलाबरोबर बहुधा शिसे असते. दुकानात रिळावर ६०/४० असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ, शंभर भागांत साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे. हे मिश्रण १८३ अंशांवर मऊ होऊ लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. काम सोपे जाते, म्हणून ते लोकांच्या आवडीचे.

पण शिसे पोटात गेले की रक्तात उतरते. मोठ्या माणसालाही ते वाईटच. लहान मुलांचा तर मेंदू वाढत असतो, त्याला ते बाधते. मूल रडत नाही, ताप येत नाही, घरच्यांना काही कळत नाही. पुढे ते अभ्यासात मागे पडते. मग आपण मास्तरांना बोल लावतो, नाहीतर नशिबाला. याच कारणाने भारतात २००० साली शिसे घातलेले पेट्रोल बंद झाले. युरोपात २००६ पासून बहुतेक विजेच्या नव्या वस्तूंत शिशाचा डाख वापरायला बंदी आहे. शिसे नसलेला डाख आपल्याकडेही मिळतो. तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो, म्हणून थोडा हट्टी वाटतो. घरात लहान मूल असेल तर तोच मागा.

एक गोष्ट बायामंडळींनी पक्की ध्यानात ठेवावी. तारेचा डाख पातेल्याला, तांब्याला, चहाच्या किटलीला कधी लावू नये. भांड्याला शुद्ध कथीलच हवे. उलट, भांड्याचा नवसागर तारेला चालत नाही. तो मागे राहतो, तांबे खातो, आणि काही दिवसांनी जोड हिरवा पडून तुटतो. तारेला राळ लागते. डाखाच्या बारीक तारेच्या पोटातच राळ भरलेली असते, वेगळी आणावी लागत नाही.

आता सामान. डाख वितळवणाऱ्या विजेच्या सळईला दुकानात सोल्डरिंग आयर्न म्हणतात. आपण नुसते सळई म्हणू. अशा बारीक कामाला २५ वॅटची पुरते. तिच्याबरोबर लोखंडी स्टँड घ्याच. तापलेले टोक तीनशे अंशांच्या वर असते. सळई पाटावर, वहीवर, सतरंजीवर ठेवण्याची वस्तू नव्हे. टोक पुसायला ओला स्पंज, तार कापायला कटर, आणि तार धरायला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. चिमटा फळीला खिळ्याने ठोकला की तिसरा हात मिळाला. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा असला तरी चालेल. राळ कधी कधी तडतडून उडते.

बसायचे टेबलाशी. जमिनीवर नको, चुलीजवळ नको, जेवायच्या जागी तर नकोच. राळेचा धूर घशाला लागतो आणि दमेकऱ्याला त्रास देतो. म्हणून खिडकीजवळ बसा. पंखा थेट कामावर सोडू नका, त्याने सळईचे टोक गार पडते. तो बाजूला ठेवा, म्हणजे धूर तोंडावरून निघून जाईल. शिसे धुरातून फारसे येत नाही, ते हातावाटे पोटात जाते. म्हणून काम करताना तंबाखू, बिडी, भाकरी काही नको. काम झाले की साबणाने हात धुवावे. पडलेले मणी झाडूने उडवू नयेत. ओल्या फडक्याने टिपून डबीत ठेवावेत.

आणि आपल्याकडची वीज! काम चालू असताना ती गेली तर आधी बटण बंद करा, मग उठा. माणूस वीज गेली म्हणून शेतावर निघून जातो. तासाभराने वीज येते, सळई पुन्हा तापते, आणि घरात पाहायला कोणी नसते.

सळई हातातून सुटली तर झेलू नका. पडू द्या. मी एकदा झेलली होती. पेन पडला की झेलायची सवय, ती शाळेतली. तळहातावर पांढरा पट्टा उठला आणि आठ दिवस घास डाव्या हाताने खाल्ला. भाजले तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठावा.

आता प्रत्यक्ष काम. आजींच्या हेडफोनची जुनी तार ठिकठिकाणी चिरली होती. म्हणून आम्ही नवी तार आणि नवी पिन आणली. पिन म्हणजे मोबाइलच्या भोकात जाते ती. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतात, त्यामुळे तिचे तीन भाग पडतात. टोक डाव्या कानाचे, मधला भाग उजव्या कानाचा, आणि मागचा भाग दोन्ही कानांचा सामाईक. तीन रेघांची पिन बोलायचा माइक असलेल्या हेडफोनची, ती वेगळी. तिच्या वाटेला आज जायचे नाही.

सर्वांत आधी पिनेची टोपी तारेत ओवून घ्या. हसू नका! जोड झकास होतो, आणि मग दिसते की टोपी टेबलावरच राहिली. सगळे पुन्हा उकलावे लागते. माझे असे कितीदा झाले ते मी सांगत नाही.

तारेचे टोक बोटभर सोला. हेडफोनची तार केसासारखी बारीक असते. तिच्यावर बहुधा रंगीत लाखेचा थर असतो. लाख वीज जाऊ देत नाही आणि डाखही धरू देत नाही. टोक ब्लेडने हळूच खरवडा. आगकाडीने जाळू नका, तांबे काळे पडते. तारेत दोरा असेल तर तो कापून टाका. मग टोकाला डाखाचा पातळ थर द्या. कल्हईच ही, फक्त केसाएवढ्या भांड्याची.

नंतर तार पिनेच्या पत्रीला टेकवा. इथे नातू चुकत होता. तो सळईवर डाखाचा थेंब घेई आणि तारेवर टाकी. थेंब वर बसे, आत मुरत नसे. तापवायचा तो जोड, डाख नव्हे. सळई तारेला आणि पत्रीला एकदम टेकवा. मनात एक, दोन, तीन म्हणा. मग डाखाची तार सळईला न लावता जोडाला लावा. जोड तापला असेल तर डाख पाण्यासारखा पसरतो. आधी डाख काढा, मग सळई काढा, आणि थिजेपर्यंत हलवू नका. हलले तर जोड कच्चा. सळई फार वेळ दाबलीत तर पिनेतले प्लास्टिक वितळते. एक जोड झाला की थोडे थांबावे. पिन मोबाइलमध्ये घालून तर कधीच डाख देऊ नये.

तिन्ही जोड झाले की ते एकमेकांना टेकत नाहीत ना, ते पाहा. मग टोपी फिरवून बसवा. मोबाइलला लावण्याआधी एक परीक्षा घ्या. घड्याळातला पेन्सिल सेल घ्या आणि त्याला दोन तारा धरा. एक तार पिनेच्या मागच्या भागाला टेकवा, दुसरी टोकाला क्षणभर लावून उचला. डाव्या कर्ण्यात 'कट्' वाजले पाहिजे. मधल्या भागाला लावली तर उजव्यात. या वेळी हेडफोन कानावर नसावा, हातात धरावा. दोन्हीकडे एकदम वाजले तर दोन तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. काहीच वाजले नाही तर जोड कच्चा आहे, पुन्हा तापवा.

नातवाचा उजवा जोड कच्चा निघाला. तोवर धाकटीला आईने आत नेले होते आणि फरशी ओल्या फडक्याने पुसली होती. त्याने टेबलाशी बसून जोड पुन्हा तापवला. दोन्हीकडे नीट वाजले. मग साबणाने हात धुऊन त्याने हेडफोन आजींच्या कानांवर बसवला. आजी थोडा वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "बारीक कर रे, इतकी बहिरी नाही मी."